एएस/४००: पडद्यावर दिसणारे आउटपुट बॅच जॉबमध्ये कुठे जाते?

नमस्कार. आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हा व्यावसायिक कामांसाठीचा संगणक जाहीर केला आणि त्याच परंपरेतली यंत्रे आज आयबीएम आय या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. या यंत्रांवर नव्याने काम करणाऱ्यांना हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट आज पाहू. हिरव्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलवर, बसून चालवलेला सी प्रोग्रॅम आपले उत्तर समोरच दाखवतो, पण तोच प्रोग्रॅम एसबीएमजॉब या कमांडने बॅचमध्ये, म्हणजे कोणी समोर न बसता पार्श्वभूमीत चालणाऱ्या जॉबमध्ये, पाठवला, की काहीच दिसत नाही.

उत्तर हरवलेले नसते. इंटरॅक्टिव्ह जॉबला पडदा असतो, बॅच जॉबला तो नसतो. म्हणून प्रोग्रॅमचे स्टँडर्ड आउटपुट तिथे क्यूप्रिंट नावाच्या स्पूल फाइलमध्ये (छपाईसाठी साठवून ठेवलेल्या आउटपुटमध्ये) जाते आणि डब्ल्यूआरकेएसपीएलएफ कमांड दिल्यावर ते सापडते. सीएल या यंत्रांच्या कमांड भाषेतल्या अनेक कमांडचा आउटपुट पॅरामीटरही असाच वागतो. तिथे नुसती * ही खूण दिली, तर इंटरॅक्टिव्ह जॉबमध्ये माहिती पडद्यावर येते आणि बॅचमध्ये स्पूल होते. त्यामुळे पुढच्या प्रोग्रॅमला वाचायची माहिती हवी असेल आणि ती कमांड आउटफाइलची, म्हणजे माहिती डेटाबेस फाइलमध्ये लिहिण्याची, सोय देत असेल, तर ती सोय स्पष्टपणे मागावी, असे माझे ठाम मत आहे.

आता खरी अडचण. क्यूएसएच ही कमांड क्यूशेल हा युनिक्ससारखा शेल चालवते. तिचे आउटपुट फाइलमध्ये वळवण्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे जॉबमध्ये ठरवून ठेवायची नावाची किंमत, आहे. क्यूआयबीएम, क्यूएसएच, सीएमडी आणि आउटपुट हे चार शब्द अधोरेषांनी जोडले की त्याचे नाव तयार होते, आणि त्याला फाइल हा शब्द, बरोबरचे चिन्ह व फाइलचा मार्ग अशी किंमत देतात. आपण ते पडद्यावर बसून ठरवतो, चाचणी यशस्वी होते, मग जॉब बॅचमध्ये पाठवतो आणि फाइल तयारच होत नाही. कारण एसबीएमजॉबमधील सीपीवायईएनव्हीव्हीएआर या पॅरामीटरची मूळ किंमत ‘नो’ असते, म्हणजे आपल्या जॉबमधली व्हेरिएबल्स नव्या जॉबकडे जात नाहीत. ओव्हीआरपीआरटीएफ आणि ओव्हीआरडीबीएफ या कमांडनी दिलेले ओव्हरराइडही (प्रिंटर व डेटाबेस फाइलच्या व्यवस्थेत केलेले तात्पुरते बदल) पाठवलेल्या जॉबकडे जात नाहीत. बॅच जॉब हा स्वतंत्र जॉब आहे, हे लक्षात घेतले की हे वागणे तर्कशुद्ध वाटू लागते.

म्हणून आउटपुट वळवण्याची सूचना त्या जॉबच्या आतच द्यावी. एक छोटा सीएल प्रोग्रॅम लिहून त्यात आधी व्हेरिएबल किंवा ओव्हरराइड ठरवावे, मग मूळ प्रोग्रॅमला कॉल करावा आणि एसबीएमजॉबने हा सीएल प्रोग्रॅमच पाठवावा. क्यूशेल वापरत असाल, तर याहूनही सरळ मार्ग आहे: कमांडच्या मजकुरातच > हे चिन्ह आणि फाइलचा मार्ग लिहावा, व त्रुटीसंदेशही त्याच फाइलमध्ये हवे असतील तर शेवटी 2>&1 जोडावे. आउटपुट वळवण्याचे काम इथे शेल स्वतः करत असल्याने जॉब कोणत्याही प्रकारचा असला तरी फाइल त्याच ठिकाणी मिळते.

आणि जॉब आधीच चालून गेला असेल, तर तो घाईने पुन्हा चालवू नका. स्पूल फाइल शिल्लक असेपर्यंत सीपीवायएसपीएलएफ कमांडने तिचा मजकूर डेटाबेस फाइलमध्ये उतरवता येतो.