६२४ आवाजांचं गाणं

१९७५च्या जून-जुलैमध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं 'आय अॅम नॉट इन लव्ह' हे गाणं त्याच्याच बँडने आधी टाकून दिलं होतं.

बँडचं नाव टेनसीसी. एरिक स्ट्युअर्ट, ग्रॅहम गुल्डमन, केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये 'स्ट्रॉबेरी' हा त्यांचा हक्काचा स्टुडिओ होता, आणि ध्वनिमुद्रण गायक स्ट्युअर्ट स्वतःच करायचा. तासावर भाडं मोजणाऱ्या बँडला पुढचा उद्योग परवडलाच नसता.

स्ट्युअर्ट आणि गुल्डमन यांनी गाणं बांधलं ते बोसा नोव्हा या ब्राझिलियन शैलीच्या ठेक्यावर. वाजवून झालं, पण गॉडलीला ते मुळीच पटलं नाही. टेप पुसली गेली. स्टुडिओतली माणसं मात्र चाल गुणगुणत राहिली, म्हणून विषय पुन्हा निघाला. गॉडली म्हणाला, करायचंच असेल तर वाद्यं बाजूला ठेवा, नुसत्या आवाजांवर करा. एवढे आवाज आणायचे कुठून? वाट क्रीमने काढली: टेपचे लूप, म्हणजे टोकं जोडून गोल फिरत राहणारे टेपचे तुकडे.

गॉडली, क्रीम आणि गुल्डमन माईकभोवती उभे राहून एकच स्वर 'आऽऽ' करून लांबवायचे. एका टेपवर सोळा वेगवेगळी मुद्रणं शेजारी-शेजारी घेणाऱ्या सोळा ट्रॅकच्या यंत्रावर तोच स्वर सोळा वेळा, म्हणजे ४८ आवाज. मग पुढचा स्वर. खालच्या षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत कोमल-तीव्र धरून तेरा स्वर होतात. एकूण ६२४ आवाज. या कामात तीन आठवडे गेले.

पण माणसाचा दम संपतो, आणि इथे स्वर संपायला नको होता. म्हणून ४८ आवाज एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवले, तो तुकडा कापला आणि त्याची टोकं एकमेकांना जोडली. सांधा टेप वाचणाऱ्या हेडवरून गेला की बारीकसा धक्का ऐकू येतो. लूप आखूड असेल तर तो धक्का सारखा येत राहणार, म्हणून लूप जमेल तेवढा लांब ठेवला, सुमारे बारा फूट. एवढी टेप यंत्रावर मावत नाही. ती बाहेर काढून माईकच्या स्टँडवर बसवलेल्या फिरत्या चकतीवरून परत आणली. ताण कमी पडला की टेप सैल होऊन स्वर डगमगतो, जास्त झाला की टेप ओढली जाते.

असा एकेक लूप काही मिनिटं फिरवत ठेवून सोळा ट्रॅकच्या टेपवर घेतला. तेरा ट्रॅक भरले. उरलेल्या तिनांत इलेक्ट्रिक पियानो, मूग सिंथेसायझरवर काढलेला ठोका आणि स्ट्युअर्टचं कच्चं गायन.

आता सगळे ट्रॅक एकत्र करणारा स्टुडिओतला मिक्सरच वाद्य झाला. त्यावरच्या प्रत्येक फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंटीवर, एक स्वर. चौघांनी फेडर वाटून घेतले आणि कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलेल तसे ते वर-खाली सरकवले. फेडर पार तळाला जाऊन स्वर तुटू नये म्हणून तिथे चिकटपट्टी लावली. त्यामुळे तेराही स्वर पूर्ण गाणंभर किंचित चालू राहतात. सगळे स्वर एकदम वाजले तर खरं म्हणजे कानाला टोचायला हवेत, पण इतक्या हलक्या पातळीवर त्यांचं धुकं होतं. या गाण्याचा जीव त्या चिकटपट्टीत आहे.

मधल्या भागासाठी कुजबुजता आवाज हवा होता. चर्चा चालू असतानाच स्टुडिओची सेक्रेटरी दार किलकिलं करून आली आणि हळूच म्हणाली, एरिक, तुझा फोन आहे. क्रीम उडालाच: हाच आवाज! तिने नको-नको म्हटलं, पण माईकपुढे तिलाच उभं केलं. 'मोठी मुलं रडत नाहीत' असं सांगणारी बाई ती हीच.

गाणं सहा मिनिटांचं, ड्रमसेट नाही, गिटारचा सोलो नाही. ज्या अल्बमात ते होतं, त्यातून आधी दुसरंच गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुटी तबकडी म्हणून, बाहेर आलं. हे मे महिन्यात आलं आणि अमेरिकेतही दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

१९७६मध्ये गॉडली आणि क्रीम बँडमधून बाहेर पडले. दोघांना 'गिझ्मो' या उपकरणावर काम करायचं होतं: छोटी चाकं गिटारच्या तारांवर घासत राहतात आणि व्हायोलिनसारखा न तुटणारा स्वर निघतो.