बर्नार्डचा तारा: हललं नक्की कोण?

[पावसाळी रात्र. टिळक रस्ता, ओलं डांबर, वर नुसते ढग.]

जूनच्या मध्यावर, मध्यरात्री, हा तारा पुण्याच्या जवळजवळ डोक्यावर येतो. आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस! ज्योतिर्विद्या परिसंस्थेत 1944 पासून आकाश बघणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या, पण ढगांपुढे त्यांचंही काही चालत नाही. बर्नार्डचा तारा गाठायचा तर एप्रिल-मेमधली पहाट धरावी, नाहीतर ऑक्टोबरमधली संध्याकाळ.

तारा आहे भुजंगधारी तारकासमूहात, सहा प्रकाशवर्षांवर. मित्र (अल्फा सेंटॉरी) या ताऱ्याचं त्रिकूट सोडलं, तर सूर्याला याहून जवळचा तारा नाही. तरी दुर्बिणीशिवाय तो दिसत नाही. डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या ताऱ्याहूनही तो पंचवीसेक पट मंद आहे. वस्तुमान सूर्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं. लाल बटू तो, म्हणजे लहानसा, थंडसर तारा, मंद आचेवर अब्जावधी वर्षं जळणारा.

पण चालतो झपाझप. 1916 मध्ये एडवर्ड बर्नार्ड या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने फोटोच्या जुन्या-नव्या काचा (तेव्हा आकाशाचे फोटो काचेवर काढत) ताडून पाहिल्या, तेव्हा हे लक्षात आलं. आकाशात इतक्या वेगाने सरकणारा दुसरा तारा नाही. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हापासून आजवर तो चंद्रबिंबाच्या रुंदीहून थोडा जास्तच सरकलाय.

[जुन्या काचा, त्यांवर काळे ठिपके.]

एवढा जवळचा तारा म्हटल्यावर ग्रहांचा शोध आलाच. ग्रह ताऱ्याभोवती फिरताना ताऱ्यालाही किंचित ओढतो, तारा डुलतो. पेनसिल्व्हेनियातल्या स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हान द काम्प यांनी वर्षानुवर्षं या ताऱ्याचे फोटो काढले आणि 1963 मध्ये सांगितलं, की तारा डुलतोय, गुरूहून मोठा ग्रह तिथे आहे. लोकांनी मानलंही. दहा वर्षांनी इतर वेधशाळांच्या काचा तपासल्या, तर त्यांवर तारा सरळ चाललेला! मग स्प्राउलच्याच काचा पुन्हा पाहिल्या. तिथे दुसरे तारेही त्याच सुमारास हललेले. दुर्बिणीच्या भिंगाच्या बसवणीत फेरफार झाले होते. हललं होतं ते भिंग. व्हान द काम्प यांना मात्र हे कधीच पटलं नाही. आयुष्याची एवढी वर्षं त्या काचांवर घालवलेल्या माणसाला पटणं सोपं नसावं.

2018 मध्ये पुन्हा एक ग्रह जाहीर झाला, 233 दिवसांचं वर्ष असलेला. तीन वर्षांत तोही गेला. ती खूण ताऱ्याच्या स्वतःच्याच फिरण्यातून उमटली होती.

[चिली, पारानाल. मग हवाई, मौना केआ.]

आता तारा डावी-उजवीकडे किती डुलतो ते बघत नाहीत. त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घेतात आणि तारा आपल्याकडे येण्याचा वेग किती कमी-जास्त होतो ते मोजतात. 2024 मध्ये चिलीतल्या एस्प्रेसो उपकरणाने एक ग्रह पक्का केला आणि आणखी तिघांची चाहूल दिली. 2025 मध्ये हवाईतल्या मरून-एक्स उपकरणाची मोजमापं जोडली गेली आणि चारही ग्रह पक्के झाले.

मोजमाप किती बारीक, ते ऐका. हा तारा सेकंदाला 110 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतोय. चौथा ग्रह त्या वेगात फरक पाडतो तो सेकंदाला फक्त 22 सेंटिमीटरचा. सकाळी तळजाई टेकडीवर रमतगमत फिरणारे आजोबा याच्या तिप्पट-चौपट वेगाने चालतात.

चारही ग्रह पृथ्वीहून हलके आणि ताऱ्याला अगदी चिकटून. सर्वात आतल्याचं वर्ष 2.34 दिवसांचं, म्हणजे गुढी उतरवून ठेवेपर्यंत पुढचा पाडवा! सर्वात बाहेरच्याचंही आठवड्यात संपतं. पहिल्या सापडलेल्या ग्रहाचं तापमान सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास असावं. पाणी टिकेल अशा पट्ट्यात चौघांपैकी एकही नाही.

[ऑक्टोबर. शहराबाहेरचं माळरान, तिपाईवर दुर्बीण.]

दुर्बिणीतून यातला एकही ग्रह दिसणार नाही. दिसेल तो एक तांबूस ठिपका. त्याचा फोटो काढून ठेवा आणि पाच वर्षांनी पुन्हा काढा. दोन्ही एकावर एक ठेवले, की शेजारचे तारे जागच्या जागी आणि हा एकटाच, दुर्बिणीत गुरूचं बिंब दिसतं जवळपास तेवढा, उत्तरेकडे सरकलेला असेल.