हार्ड डिस्क टकटक करू लागली तर

नमस्कार श्रोतेहो.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क संगणकाला जोडावी आणि ती दिसूच नये, किंवा दिसावी पण उघडू नये. आत कुणाच्या लग्नाचे फोटो असतात, कुणाचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, कुणाकडे आता हयात नसलेल्या माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज. जीव कासावीस होतो आणि हात आपोआप चालू लागतात. केबल काढ, परत लाव, हलवून बघ, थोपटून बघ, सापडेल ते सॉफ्टवेअर टाकून बघ. आज मला बोलायचं आहे ते या घाईबद्दल. डिस्क खाली पडून जेवढं बिघडत नाही, तेवढं पुष्कळदा नंतरच्या या धडपडीत बिघडतं.

आत काय असतं ते आधी डोळ्यांसमोर आणू. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकचकीत तबकड्या, आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर. खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये या तबकड्या मिनिटाला बहुधा 5400 फेरे घेतात. म्हणजे तबकडीची कड ताशी साधारण 65 किलोमीटर वेगाने धावत असते. तिच्यावर, हवेच्या पातळशा पदरावर तरंगत, वाचणारं आणि लिहिणारं हेड असतं. मधलं अंतर अवघं काही नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. चालू डिस्कला धक्का बसला की हेड तबकडीवर आपटतं, कधी वाकतं. असं वाकलेलं हेड आत असताना डिस्क पुन्हा पुन्हा चालू केली, तर ते तबकडीवरचा थर खरवडत जातं. तुमच्या फाइली त्या थरातच असतात. खरवडला गेलेला भाग कुठलीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही.

म्हणून डिस्क पडली असेल किंवा भिजली असेल, तर ती एकदाही जोडून बघू नका. तसं काही झालेलं नसेल, तर टेबलावर सपाट ठेवा, एकदाच जोडा आणि कान द्या. आवाजावरून बरंच कळतं. निरोगी डिस्क एकसारखी, हलकीशी घूं करते. ठरावीक लयीत टक्, टक्, टक् ऐकू आलं, तर हेडला आपली जागा सापडत नाहीये. ते जातं, चाचपडतं, परत मागे येतं. करकर किंवा घासल्यासारखा आवाज त्याहून वाईट. या दोन्हीत तत्क्षणी केबल काढायची आणि तिथेच थांबायचं. बारीक चीं चीं किंवा बीप येत असेल, तर मोटर जोर लावते आहे पण तबकडी फिरत नाही: हेड तबकडीला चिकटलं असेल, बेअरिंग जाम झालं असेल, किंवा नुसती वीजच कमी पडत असेल.

हे शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा खरं निघतं. यूएसबी 2.0 चा पोर्ट 500 मिलीअँपिअर देतो, 3.0 चा 900. मध्ये हब असेल, केबल लांब किंवा जुनी असेल, तर तबकड्या सुरू होताना लागणारा जोर मिळत नाही. न पडलेली डिस्क गप्प असेल किंवा चीं चीं करत असेल, तर दुसरी आखूड केबल आणि संगणकाचा थेट पोर्ट एवढं जरूर करून बघा. मोठ्या डिस्कला वेगळा ॲडॉप्टर असतो, तोही तपासा. कधी डिस्क ठणठणीत असते आणि तिच्या बाहेरच्या डबीतलं यूएसबीचं छोटं सर्किट गेलेलं असतं. अशी डिस्क डबीतून काढून थेट जोडली की चालते. मात्र काही डिस्कमध्ये यूएसबीचा पोर्ट मुख्य सर्किटवरच पक्का बसवलेला असतो. काहींमध्ये डबीतलं सर्किटच सगळा डेटा कुलूपबंद करून लिहितं, त्यामुळे थेट जोडल्यावर नुसता गोंधळ दिसतो. डबी आणि तिचं सर्किट फेकू नका.

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. कृपा करून ऐकू नका. थंड तबकडीवर दमट हवेतलं बाष्प साचतं, आणि त्या थेंबांवर हेड चालवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. तसंच दुसऱ्या डिस्कचं सर्किट आणून बसवण्याचं. प्रत्येक डिस्कच्या हेडची आणि तबकड्यांची स्वतःची मापं असतात, आणि बहुतेक डिस्कमध्ये त्यांतली काही सर्किटवरच्या एका चिपमध्ये साठवलेली असतात. ती चिप हलवल्याशिवाय नवं सर्किट सहसा उपयोगाचं नसतं.

आता दुसरी परिस्थिती. डिस्क नीट फिरते, पण संगणक म्हणतो, वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. तिथे नाही म्हणा. या निरोपाचा अर्थ एवढाच की कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही संगणकाला वाचता येत नाहीये. फाइली बहुधा जागेवरच असतात. विंडोजमधली चेकडिस्क ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोयसुद्धा इतक्यात चालवू नका. ती दुरुस्ती करते ती त्याच डिस्कवर लिहून, आणि जिथे तिला संगती लागत नाही तिथे तुमच्या फाइलींचे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये सीएचके नावाने टाकून देते. त्या शेकडो तुकड्यांमधून फोटो कुठला आणि हिशेब कुठला हे शोधणं फार कष्टाचं असतं.

चुकून डिलीट झालेल्या फाइलींचंही असंच. नोंद जाते, मजकूर मागे राहतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. क्विक फॉरमॅट फक्त नोंदवही नव्याने मांडतो, त्यामुळे त्यानंतरही बरंचसं मिळतं. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितो, मग आशा नाही.

लिहिलेलं किती चिवट असतं याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अवकाशयान परतीच्या वाटेवर फुटलं, सात अंतराळवीर गेले. अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सापडली. तिच्यात झेनॉन वायूवरच्या प्रयोगाची मोजमापं होती. तज्ज्ञांनी तिच्यातला सुमारे 99 टक्के डेटा परत मिळवला आणि 2008 साली त्या प्रयोगाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तबकड्यांवर खड्डे पडले होते, पण डिस्क निम्मीच भरलेली होती आणि खड्डे रिकाम्या भागात होते. शिवाय त्या प्रयोगाच्या संगणकावर डॉस ही जुनी कार्यप्रणाली होती. तिने डेटा इकडेतिकडे न विखुरता सलग लिहिला होता.

मग आपण काय करायचं? आधी पूर्ण डिस्कची नक्कल, आणि शोधाशोध त्या नकलेवर. यासाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन मला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. साधी कॉपी खराब जागेवर अडकून बसते. हे आधी चांगला भाग पटापट उचलतं, खराब जागा ओलांडून पुढे जातं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. कुठवर आलो याची नोंदही ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू होतं. नक्कल ज्या डिस्कवर घ्यायची ती तेवढीच किंवा मोठी हवी, आणि कुठून कुठे हे सुरू करण्याआधी दोनदा वाचा, कारण उलट झालं तर सगळं पुसलं जाईल. ठणठणीत डिस्कची एक टेराबाइटची नक्कल तीनेक तासांत होते, आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. काम चालू असताना टकटक सुरू झाली, तर लगेच बंद करा.

नकलेवर टेस्टडिस्क हे साधन चालवलं की डिस्कची हरवलेली विभागणी, म्हणजे पार्टिशन, पुष्कळदा सापडते, नावं आणि फोल्डर जसेच्या तसे मिळतात. ते जमलं नाही तर फोटोरेक हे दुसरं साधन. ते नोंदवहीकडे बघतच नाही, फाइलीची सुरुवात ओळखून तिथून उचलतं. यात मूळ नावं मिळत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांत लिहिलेली मोठी फाइल सहसा अर्धवटच येते. सापडलेलं काहीही त्याच बिघडलेल्या डिस्कवर साठवू नका.

तुमची डिस्क एसएसडी असेल, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपमध्ये साठवणारी, तर डिलीट झालेल्याचं गणित वेगळं आहे. ट्रिम, म्हणजे कुठली जागा पुसली हे संगणकाने डिस्कला कळवण्याची सोय, चालू असेल, तर ती जागा डिस्क स्वतःच मोकळी करून टाकते, आणि मग कुठलंही साधन उपयोगी पडत नाही.

टकटक करणारी डिस्क उघडायची ती धूळमुक्त खोलीतच, आणि ती खोली रिकव्हरी प्रयोगशाळांकडे असते. देण्याआधी विचारा: मिळालेल्या फाइलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवाल का, काहीच मिळालं नाही तर किती पैसे घ्याल. आधी कुणी उघडली असेल, कुठलं सॉफ्टवेअर चालवलं असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा. त्यांचं काम त्यावरून ठरतं.

फाइली हाती आल्या की नुसती नावं आणि आकार बघून समाधान मानू नका. आकार बरोबर असूनही आत नुसती शून्यं भरलेली असू शकतात. फोटो उघडून बघा. व्हिडिओ मध्यावर आणि शेवटाकडे नेऊन चालवा. मग लगेच दोन वेगळ्या ठिकाणी प्रती करा. आणि हे सगळं होईपर्यंत जुनी डिस्क कुणाला देऊ नका, टाकू नका.

नमस्कार.