बैलाला तोंडावर, लेकीला माघारी

(ब्रिटनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरतं घेतलं आहे. मधला माइकचा घोळ वगळला आहे.)

नमस्कार मंडळी. ढगांच्या वर चंद्र आहे असं फोनवर दिसतंय, तेव्हा दूध आटवायला हरकत नाही.

समितीने सांगितलं, ‘आईपण’ या विषयावर दहा मिनिटं बोला. दहा मिनिटांत माझ्याच्यानं घरातल्या मुलाला अंथरुणातून उठवणंही होत नाही. तरी एक भाषण लिहून आणलं होतं. त्यात संस्कार होते, आजीच्या गोष्टी होत्या, दोन सुविचारही होते. ते पर्समध्येच राहू द्या. कारण ऑगस्टपासून लेकीचं एक वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलंय, दातात सुपारी अडकते तसं. जीभ सारखी तिथंच जाते.

या उन्हाळी सुट्टीत आम्ही गावी होतो. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि ऑगस्टमध्ये काळी माती पायातली चप्पल सोडत नाही. तिथंच लेकीचा ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागला. इथं सकाळी आठला लागतो, म्हणजे तिथं दुपारी साडेबारा. घरात रेंज नाही, म्हणून सगळी वरात मारोतीच्या पारावर. लेक फोन धरून उभी, तिच्याभोवती मी, माझा दादा, वहिनी, शेजारची चार पोट्टी आणि एक बकरी. पान उघडलं. दोन ए, एक बी. हव्या त्या युनिव्हर्सिटीत भूगोलाला प्रवेश पक्का.

आणि मी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

“बी कशात आला?”

हसू नका. तुम्हीही हेच विचारलं असतं.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी अख्ख्या गावाला सांगितलं. पिठाच्या गिरणीवर सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मावशीला अकोल्याला फोन करून सांगितलं. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला माझा मेसेज आठवत असेल. फेट्यातली बाहुली, तीन नारळ आणि ‘आमच्या कन्येने घवघवीत यश’ वगैरे. त्या मेसेजमध्ये बी नव्हता. आज कबूल करते.

आठवड्याभराने पोळा आला. आदल्या संध्याकाळी दादा बैलांचे खांदे शेकत होता. आता गावात ट्रॅक्टरच जास्त, बैल मोजकेच उरलेत. दादाने मात्र एक जोडी ठेवली आहे. वहिनी त्यावरून त्याला रोज बोलते आणि रोज सकाळी आपणच त्यांना ढेप घालते. वाटीत लोणी आणि हळद कोमट केलेली, हातात पळसाचं पान. जूवाने घट्टे पडलेल्या त्या खांद्यावर तो पानाने हळूहळू चोळत होता आणि बैलाशी बोलत होता, “लय ओढलं बाप्पा तू यंदा. तुह्याच्यानं पेरणी झाली. नाईतर माह्यं काही खरं नव्हतं.” मग दोघांच्या कपाळाला हात लावून म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

माझी लेक खुंट्याजवळ उभी होती. तिला वऱ्हाडी निम्मीशीच कळते, पण हे सगळं कळलं. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “आई, मामा बैलाला तोंडावर सांगतो. तू मला सोडून सगळ्यांना सांगतेस.”

आवाज चढवला नाही, दार आपटलं नाही. गोठ्याला दारच नव्हतं. पण मला बोलायला काही सुचेना, आणि माझं असं होत नाही हे या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

माय ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी वकील गाठल्यासारखी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, “लेकराले तोंडावर चांगलं म्हनू नाई व. नजर लागते.”

लेक माझ्या मागेच आली होती. “मग आजी, बैलाला नजर लागत नाही का?”

माय हसली. उत्तर दादाने गोठ्यातून दिलं. “बैल कुठं जाते? तो खुट्यालेच रायते. जानाऱ्याले नजर लागते.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. शेंगा फुटल्याचा तेवढा आवाज. तीन आठवड्यांनी लेक घर सोडून हॉस्टेलला जाणार होती, हे तिथल्या सगळ्यांनाच माहीत होतं. आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच ओसरीवरून कोण निघालं होतं, हेही.

माझ्या दहावीच्या निकालाची गोष्ट इथं सांगायलाच हवी. तालुक्याहून एसटीने गुणपत्रिका घेऊन आले, ती थेट शेतात. माय सरकी टोबत होती. म्हटलं, माय, फर्स्ट क्लास. तिने मान वर न करता विचारलं, “हाव? बरं. घरी जाऊन गोड्या पान्याचा हंडा भर, आज टँकर येते.” बस्स. रात्री मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या, तेवढाच माझा सत्कार. बऱ्याच वर्षांनी शेजारच्या काकूंकडून कळलं की त्या दिवशी माझी पाठ फिरल्याबरोबर मायने अख्ख्या तासातल्या बायकांना ओरडून सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारात गूळ घेऊन वाटलाही होता. मला त्यातला खडाभरही मिळाला नाही. मी विळी घेऊन आंबाडी चिरत बसले होते, मायला आनंद झाला नाही म्हणून रडत.

म्हणजे हे आमच्याकडे पिढीजात आहे. समुद्र ओलांडा नाहीतर सात समुद्र, पळसाला पानं तीनच.

आता थोडं तुमच्याकडे वळते. गाडगेबाबा आमच्याच भागातले, शेंडगावचे. कीर्तनात ते समोर बसलेल्यालाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. मी त्यांच्या पायाची धूळही नाही, पण आज विचारते. मुलाला किंवा मुलीला, तिच्या तोंडावर, ‘छान केलंस’ असं, पुढे ‘पण’ न जोडता, गेल्या महिन्यात कोण म्हणालं? हात वर करा.

(तीन हात वर झाले. त्यातले दोन आजोबांचे.)

आपण दरवर्षी गुणगौरव करतो. शाल नसली तरी प्रमाणपत्र असतं, टाळ्या असतात. चांगलंच आहे. पण तो कार्यक्रम मुलांचा असतो की आपला? फोटोत मुलं कुठं बघत असतात ते कधी बघा. आणि जो मुलगा सकाळी नऊला येऊन या दोनशे खुर्च्या लावतो, रात्री अकराला त्या उचलतो, ज्याचे मार्क विचारायचे नाहीत असं आपण सगळ्यांनी न बोलता ठरवलंय, त्याला आपण एकदा तरी स्टेजवर बोलावलं का? तो आत्ताही मागे उभा आहे. त्याला लाजवायचं नाहीये, म्हणून नाव घेत नाही. पण आज निघताना त्याच्याशी बोलून जा. आणि कृपा करून ‘पुढे काय करणार’ हे विचारू नका. माझ्या लेकीला ‘भूगोल करून पुढे काय?’ असं आत्तापर्यंत नऊ जणांनी विचारलंय. त्यातली एक मी.

तर पोळा. दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाकडेच्या मोकळ्या जागेत, तोरण बांधलं, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी झाली, तोरण तुटलं. धाकट्याने मामासोबत बैल घरोघरी नेले. बोजारा, म्हणजे बैलांची ओवाळणी, मिळाला पन्नास रुपये, त्याची आयुष्यातली पहिली कमाई. त्या नोटेला तो हात लावू देत नाही. घरी बैलांना पुरणपोळी मी भरवली. लेकीलाही वाढली. मनात म्हटलं, आता सांगू. आणि तोंडातून निघालं, “तूप घे अजून, अंगावर मांस नाही.”

सप्टेंबरमध्ये तिला हॉस्टेलवर सोडलं. तिथंही ठरवून गेले होते. खोलीत मी काय काय बोलले सांगू? गादी पातळ आहे. खिडकी लागत नाही. मसाल्याचा डबा कपाटात वर ठेव. मेतकूट संपलं की सांग. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, “आई, उशीर होईल, ट्रॅफिक लागेल.” नवरा गाडी चालवत होता, मी पूर्ण मोटरवेभर रडले. त्याने मध्ये एकदाच विचारलं, “कॉफी?”

त्या रात्री दोनला उठून मी तिला आवाजी मेसेज पाठवला. तुम्हाला आठवत असेल, मंडळाच्या पहिल्या सहलीत मी पोह्यांवर घालायला सांबार मागितला होता आणि एका काकूंनी प्रेमाने इडलीचं पातेलं पुढे केलं होतं. त्या दिवसापासून मी चारचौघांत कोथिंबीर म्हणते, आणि मुलांशीही शुद्धच बोलत आले. पण त्या रात्री शुद्ध भाषेत ते वाक्य होईचना. तीनदा रेकॉर्ड केलं, तीनदा पुसलं. शेवटी वऱ्हाडीतच बोलले. दादा बैलाशी बोलला होता तसंच. “लय केलं व माय तू यंदा. एकटीनं केलं. बी कशात आला ते मी इचारालेच नाई पायजे होतं.” चाळीस सेकंद.

सकाळी तिचं उत्तर आलं.

“आई, काय झालं? आजी बरी आहे ना?”

मी लगेच लिहिलं, बरी आहे, सगळे बरे आहेत. मग ती म्हणाली, ओके, लेक्चर आहे. त्यावर अजून काहीतरी लिहायला हवं हे मला कळतंय. तीन आठवडे झाले, रोज फोन उघडते आणि जेवलीस का विचारून बंद करते.

दूध खाली लागलं वाटतं. वास येतोय. कुणीतरी बघा ना आत जाऊन.