साबणाचा फेस आणि काळं वायसर

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातला अरुंद जिना, खांद्यावर सिलिंडर]

मे महिना, नागपूरचं ऊन. तीन मजले चढून आलेलं हे सिलिंडर आता ओट्याखाली जाईल. त्याआधी कड्याखालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला बघा: 'बी-२८'. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. याच्या फेरतपासणीची मुदत जून २०२८ पर्यंत. मुदत उलटलेलं सिलिंडर घरात घेऊच नका, दारातूनच परत पाठवा.

[दृश्य: व्हॉल्व्हचं तोंड, अगदी जवळून]

सील तुटलं, टोपण निघालं. आत काळं रबरी कडं दिसतंय? ओ-रिंग, म्हणजे आपल्या बोलण्यातलं वायसर. ते चिरलेलं असलं, किंवा जागेवर नसलंच, तरी सिलिंडर गप्प राहतं, कारण आतली पिन वर असते. रेग्युलेटर बसवून कळ फिरवली की पिन दाबली जाते आणि गॅस याच फटीतून निघतो. म्हणूनच रेग्युलेटर बंद ठेवून केलेल्या तपासणीला अर्थ नाही.

[दृश्य: वाटीत फेस, हातात कुंचला]

रेग्युलेटर चालू, शेगडीच्या कळा बंद. साबणाचा दाट फेस आधी व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या सांध्याला, मग नळीच्या दोन्ही टोकांना, मग नळी वळते तिथे. थांबा. घाई करू नका. बघा, शेगडीकडच्या टोकाला बुडबुडा फुगतोय. नळी पूर्ण चढलेलीच नाही. चढत नाही म्हणून टोक आगीवर शेकायची सवय घरोघरी आहे; शेकलेलं रबर पुढे तडकतं. नळी तारेची जाळी असलेली, केशरी सुरक्षा नळीच हवी, दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको. तिच्यावर छापलेलं वर्ष वाचा. पाच वर्षं झाली की बदला, वरून कितीही धडधाकट दिसो. आणि गळती शोधायला काडी ओढणं आजपासून बंद.

[दृश्य: ओट्याखालची बंद ट्रॉली, मग कूलरचं बटण]

हा स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे एलपीजी, हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, फरशीवर पसरतो. कपाटाच्या दाराला जमिनीलगत भोकं हवीत ती यासाठी. वास आला तर कूलरचं बटण चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद. हात लावायचा नाही, ठिणगी तिथेच पडते. रेग्युलेटर बंद करून काढा, टोपण दाबून बसवा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करा.

[दृश्य: याच गॅसवर, एलपीजीवर चालणारी व्हॅन, डिक्की उघडी]

गाडीच्या टाकीवरचा हा व्हॉल्व्ह ८० टक्क्यांवर भरणं थांबवतो. उन्हात द्रव फुगतो, त्याला ती जागा लागते. व्हॉल्व्हवरच्या डब्यातून निघालेली नळी गाडीखाली उघडते. ती निसटली तर गळलेला गॅस डिक्कीतच साचेल. घरगुती सिलिंडर डिक्कीत आडवं टाकणं तर बेकायदाच. आडवं पडलं की व्हॉल्व्हपाशी वायूऐवजी द्रव येतो, आणि त्या द्रवाचा वायू होतो सुमारे २५० पट.

[दृश्य: पुन्हा ओटा, नवी नळी, पुन्हा फेस]

दुसऱ्यांदा फेस लावलाय. बुडबुडा नाही. आता शेगडी पेटवा.