सरकगाठ

(दृश्य: पहाट. हँडलवरून दिसणारा अक्कलकोट रोड.)

अक्कलकोट सोडलं तेव्हा साडेपाच वाजले होते. सोलापूर आता चाळीसेक किलोमीटर. सावंतवाडीहून सायकलनं निघून आंबोलीचा घाट चढलो, त्याला आज सोळा दिवस झाले. कोल्हापूर, सातारा, पुणे, नगर, पैठण, अंबाजोगाई, लातूर, नळदुर्ग. मीटरवर १,१४८. त्या आकड्याचं कौतुक घरचे करतील. माझ्या डोक्यात राहिलाय तो नळदुर्गच्या अलीकडचा वारा, सरळ तोंडावर येणारा. आम्हा कोकणातल्यांना चढ कळतो. पण सपाट रस्त्यावर, पायाखाली काही नसताना, माणूस पहिल्या गियरवर येतो हे कुणी सांगून पटलं नसतं.

(ध्वनी: यंत्रमागांची खटखट, हळूहळू जवळ येणारी.)

सोलापूर दिसायच्या आधी ऐकू येतं. एमआयडीसीत शिरलो आणि दोन्ही अंगांनी माग सुरू. इथली चादर आणि इथला टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. शहराच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारा पद्मशाली समाज, घरात तेलुगू आणि रस्त्यावर खास सोलापुरी मराठी.

शेवट कुठे करायचा हे निघतानाच ठरवलं होतं : चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी दिलं. सायकल कडेला लावली, चपला काढल्या. फोटोत सायकल नीट आलीये, मी अर्धा कापला गेलोय.

इथवर सगळं सोपं होतं.

(दृश्य: लॉजचं अंगण. उलटी ठेवलेली सायकल.)

सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं ते ९ जून २०२५ ला. त्याआधी विमानतळालगतच्या साखर कारखान्याची, विमानांच्या आड येणारी उंच चिमणी १५ जून २०२३ ला पाडली होती. लॉजच्या मालकांनी पहिल्याच चहाला बजावलं, ‘‘चिमणीचा विषय काढू नका. रात्र जाईल.’’ विमान मोपाला उतरतं आणि मोपाहून सावंतवाडी म्हणजे आमच्या अंगणातच. सोळा दिवसांचा रस्ता तासाभरात. फक्त सायकल खोक्यात बसली पाहिजे.

खोक्याचं माप विचारायला विमान कंपनीला तीनदा फोन केला. तीन माणसं, तीन मापं. शेवटी त्यातलं सगळ्यात लहान माप धरलं.

सायकलच्या दुकानातून नव्या सायकलीचं रिकामं खोकं आणलं. पंधराचा पाना घेऊन पॅडल काढायला बसलो. उजवं निघालं. डावं निघेना. सोळा दिवस जी सायकल चालवली, तिच्या डाव्या पॅडलची आटी उलटी असते हे मी घामाघूम होईपर्यंत विसरलो होतो.

‘‘सायकल मोडूलालाव का सर?’’

शेजारच्या टॉवेलच्या गोदामातले मामा. वय साठीच्या पुढे, कानामागे दाभण. हो, कानामागे, जशी सुतारांची पेन्सिल असते.

‘‘मोडत नाही मामा, बांधतोय. विमानानं न्यायचीये.’’

‘‘बांधायचं काम आमचं हाय की.’’

(दृश्य: जवळून, फक्त मामांचे हात.)

पुढचं चाक काढलं की ते धरणाऱ्या चिमट्याचे दोन पाय उघडे पडतात. वरून काही आदळलं तर ते आत दबतात, म्हणून मधे काहीतरी घट्ट बसवायला लागतं. मी लाकूड शोधत होतो. मामांनी सूत गुंडाळायचा रिकामा कोन उचलला, चिमट्याला लावून पाहिला, करवतीनं दोन्हीकडून कापला आणि ठोकून बसवला. माप बिप काही घेतलं नाही. मग नापास मालातले टॉवेल आले. एक फ्रेमला, एक मागच्या गियरला, एक हँडलला.

टायरमधली हवा निम्मी सोडली. टायर उंचावर गेल्यावर फुटतो म्हणतात, पण ते काही खरं नाही. बाहेरचा दाब अगदी शून्य झाला तरी टायरवर फरक पडतो तो जेमतेम पंधरा पीएसआयचा, म्हणजे हवा भरताना पंपावर दिसतं त्याच मापात. पण काउंटरवर वाद घालत बसण्यापेक्षा हवा सोडलेली बरी. पॉवर बँक मात्र खोक्यात टाकायची नाही, ती हातातल्या बॅगेतच.

गोदामाच्या काट्यावर खोकं चढवलं. १९ किलो २००. तिकिटावर पंधरा. कुलूप, साखळी, पाने बाहेर काढले, तंबू आणि कपडे टपालानं घरी पाठवले. शेंगदाणा चटणीचा पुडा आणि कडक भाकऱ्या ठेवल्या. कडक भाकरी आठवडे टिकते, मोडली तरी चालते. प्रवासाला निघताना हे कुणी सांगितलं असतं तर बिस्किटांवर गेलेले पैसे वाचले असते.

मामांना खोक्यावर बारदान शिवायचं होतं. मी म्हटलं, विमानतळावर उघडायला सांगितलं तर? मामा थांबले. त्यांच्या हातून सुटणारा गठ्ठा त्यांनी आयुष्यात बांधला नसावा. मग ‘‘ओकटि, रेंडु, मूडु’’ असं पुटपुटत तीन बाजू दाभणानं शिवल्या आणि चौथ्या बाजूला एक सरकगाठ मारली.

‘‘हे टोक वढा. पुरं उघडतंय.’’

पैसे घेतले ते फक्त टॉवेलांचे.

(दृश्य: होटगी रोड, विमानतळ. ट्रॉलीवर बारदानात शिवलेलं खोकं.)

तपासणीला उघडायला सांगितलंच. मी टोक ओढलं. एका झटक्यात चौथी बाजू मोकळी. जवानानं आत वाकून पाहिलं, चिमट्यातल्या कोनाला बोट लावलं.

‘‘हे काय?’’

‘‘सुताचा कोन.’’

‘‘बरं. बांधा.’’

आता ती गाठ पुन्हा मारायला मामा नव्हते. मी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा बुटाच्या नाडीसारखी मारली. खोकं पट्ट्यावरून आत गेलं, तीन बाजूंना मामांची शिवण आणि चौथीला ते फूल.