दार लावू का?

श्रोतेहो, नमस्कार.

लैंगिक अत्याचार झालेली मुलगी दवाखान्यात येते, तेव्हा तिथल्या माणसांनी तिच्याशी कसं वागायचं, याचं प्रशिक्षण मी डॉक्टरांना आणि सिस्टरांना देते. आज त्याबद्दल बोलायचंय. पण सगळ्यात आधी एक गोष्ट नीट ऐका, मी ती पुन्हाही सांगणार आहे. उपचाराला एफआयआर लागत नाही. दवाखाना सरकारी असो की खासगी, 'आधी पोलिसांत जाऊन या' असं कुणाला म्हणता येत नाही. उपचार ताबडतोब आणि मोफत करायचे, असा कायदा 2013 पासून आहे. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 मध्ये आहे. उपचार नाकारले तर रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कायदा सांगायला तासभर पुरतो. वेळ जातो तो दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांच्या परिचयात. माझं तर स्पष्ट मत आहे, नारळाच्या खर्चात कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागाला, चांगले जाड पडदे शिवून होतील. असो.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातली गोष्ट सांगते. दुपारचं सत्र, जेवण झालेलं, निम्मी मंडळी पेंगत होती. मी सहा खुर्च्या ओळीनं मांडल्या. पहिली केस पेपरच्या खिडकीची, मग कॅज्युअल्टी, मग स्त्रीरोग विभाग, लॅब, पोलीस चौकी आणि शेवटी वॉर्ड. प्रत्येक खुर्चीवर ते काम रोज करणारा माणूस बसवला. खिडकीवर खराखुरा क्लार्क. पेशंट कोण होणार, म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवून एका सर्जनना पुढे केलं. निवृत्तीला टेकलेले, आवाज दणदणीत, आणि ओपीडीत पेशंटला फाडफाड प्रश्न विचारण्याबद्दल प्रसिद्ध. मी म्हटलं, "सर, तुमचं वय बावीस. रात्रीचे अकरा वाजलेत. सोबत फक्त मावसबहीण आहे." सर हसतच खिडकीशी गेले.

"काय होतंय?" क्लार्कनं विचारलं. सर गप्प. "अहो, काय होतंय ते बोला ना, कुठल्या खात्यात पाठवू?" सर हळूच म्हणाले, "मार लागलाय." पुढच्या खुर्चीवर तोच प्रश्न, नेमकं काय झालं? त्याच्या पुढे पुन्हा तोच. स्त्रीरोगच्या मॅडमनी विचारलं, "ओळखीचा होता का?" मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढ्या रात्री तिकडे गेलीसच कशाला?" मागं कुणीतरी फिसकन हसलं. सर मात्र हसले नाहीत. उभे राहिले आणि म्हणाले, "मला घरी जायचंय." नाटकातलं म्हणाले की खरंच, कुणालाच कळेना. हॉलमधला पंखा तेवढा कुरकुरत होता.

तेवढ्यात चहाची किटली घेऊन आलेल्या वॉर्डातल्या मावशी मध्ये आल्या. त्यांना कुणी भूमिका दिली नव्हती, प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नावही नव्हतं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बस बाई. दार लावू का, का उघडं र्‍हाऊ दे?"

सर बसले. दिवसभरात पेशंटला पहिल्यांदा कुणीतरी असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर तिला ठरवता येणार होतं.

मावशींनी कप भरला, तसा लॅबचा ब्रदर ओरडला, "चहा नको, तोंडाचा स्वॅब घ्यायचाय!" मग जी जुंपली! चहा की पुरावा? निम्मे मावशींच्या बाजूनं, निम्मे ब्रदरच्या. उत्तर सोपं आहे. तोंडावाटे अत्याचार झालाय असं ती सांगत असेल, तर आधी तिला विचारून स्वॅब घ्या. दोन मिनिटांचं काम. मग चहा द्या, आणि साखर घालून द्या. पेशंटला बिनसाखरेचा चहा देणार्‍या दवाखान्यांवर माझा विश्वास नाही.

आता थोडं नियमांचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं 2014 ची आहेत. बाई, पुरुष, लहान मूल, तृतीयपंथी, सगळ्यांसाठी. त्यांचं सार एकच, विचारून करा. तपासणीला ती हो म्हणू शकते, नाही म्हणू शकते, अर्ध्यावर थांबवू शकते. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण तिनं तपासणी नाकारली म्हणून उपचार थांबत नाहीत. पुन्हा सांगते, उपचाराला एफआयआर लागत नाही. दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून 'हिला शरीरसंबंधांची सवय आहे का' ते बघणं, तर पूर्ण बंद. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. त्याच निकालात डॉक्टरांच्या कार्यशाळा घ्या आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासा, असाही आदेश आहे.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि आरोग्यावर काम करणार्‍या 'सेहत' संस्थेनं हिंसा सोसलेल्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. तिथे समुपदेशन दवाखान्यातच मिळतं, बाईला दुसरी पायरी चढावी लागत नाही. पण प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही. इंटर्न दरवर्षी बदलतात, सिस्टरांच्या बदल्या होतात. आणि यादीत क्लार्क, वॉचमन, मावशी हवेतच. पेशंटला पहिले भेटतात ते हेच.

घरच्यांसाठी शेवटचं. गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी. पुराव्याचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतात. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको, ओल धरते. अंघोळ झाली असेल तरी या. चार दिवस उलटले असले तरी या, उपचार तरी होतील. मदतीसाठी फोन, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. आणि दवाखान्यात कुणी एफआयआर मागितला, तर काय सांगायचं ते तुम्हाला आता पाठ झालंच असेल.

नमस्कार.